ऑर्किडच्या पानावरचा डाग आणि अडलेलं फूल

ऑर्किडच्या पानावर काळा डाग दिसला की हात आधी बुरशीनाशकाच्या पुडीकडे जातो. ती पुडी दोन मिनिटं बाजूला ठेवा आणि बारीक टोकाचा मार्कर घ्या. डागाच्या कडेला अगदी लागून पानावरच एक रेघ ओढा, शेजारी तारीख आणि वेळ घाला. उद्या त्याच वेळी पाहा, मग चौथ्या दिवशी, मग दहाव्या.

चोवीस तासांत डाग रेघ ओलांडून दोन-चार मिलिमीटर पुढे गेला असेल, तर जिवाणूची किंवा काळ्या कुजीची शंका घ्यायची आणि त्याच दिवशी कात्री काढायची. आठवड्याभरात जेमतेम एखादा मिलिमीटर सरकला तर बहुधा बुरशी आहे, विचार करायला वेळ आहे. दहा दिवसांत रेघेला शिवलाच नाही तर ती जुनी जखम समजा: ऊन, गार पाणी, नाहीतर नर्सरीतून घरी येताना बसलेला मार. जखमेवर औषध मारून काही होत नाही. तेवढा भाग भरून येत नाही, पण उरलेलं हिरवं पान झाडासाठी राबत असतं, म्हणून ते कापूही नये.

पानाबद्दल एवढा आग्रह अशासाठी, की ऑर्किडला पानं मोजकीच असतात. जास्वंदीची दहा पानं गेली तर पंधरा-वीस दिवसांत भरून निघतात. फॅलेनॉप्सिसला, म्हणजे घरोघरी दिसणाऱ्या मॉथ ऑर्किडला, वर्षाला दोन, फार तर तीन नवी पानं येतात, आणि थंडीत फुलदांडा सोडायला अंगात चार तरी धडधाकट पानं लागतात. श्रावणात घाईने कापलेलं किंवा आळसाने कुजू दिलेलं पान माघातल्या फुलांतून वजा होतं. ‘डाग कसा घालवू’ आणि ‘फुलं का येत नाहीत’ हे प्रश्न लोक वेगवेगळे विचारतात. कुंडीत ते एकमेकांना चिकटलेले असतात.

रेघेनंतर आणखी तीन गोष्टी पाहायच्या. रात्री पानाच्या मागून मोबाइलचा टॉर्च लावा. जिवाणूच्या डागाभोवती तेलाचा कागद धरल्यासारखी ओलसर, आरपार दिसणारी कड चमकते, आणि तिच्या बाहेर बरेचदा पिवळं कडं असतं. जुनी जखम टॉर्चसमोर कोरडी आणि एकसारखी दिसते, कड स्पष्ट. मग बोटाने हलकेच दाबा. डाग पिलपिलीत लागला आणि पाणी सुटलं, तर लगेच हात साबणाने धुवा आणि दुसऱ्या कुंडीला हात लावू नका. तिसरं म्हणजे वास. सडक्या बटाट्यासारखा वास आला तर जिवाणूच्या सडीचं निदान तिथेच झालं.

पावसातले ओले डाग

जून ते सप्टेंबर हे महिने महाराष्ट्रात ऑर्किडच्या पानांचे वैरी. मुंबई-कोकणात तर पान दिवस दिवस वाळत नाही. पान सलग पाच-सहा तास ओलं राहिलं की रोगाला आत शिरायला तेवढं पुरतं.

फॅलेनॉप्सिसवर सगळ्यात जास्त दिसतो तो जिवाणूजन्य तपकिरी डाग. सुरुवात टाचणीच्या डोक्याएवढ्या पाणीदार फोडाने होते. दोन दिवसांत तो तपकिरी, मग काळा होतो, भोवती पिवळी कड धरतो आणि शेजारच्या फोडांशी जुळून मोठा चट्टा होतो. हा पसरतो पाण्याच्या शिंतोड्यांनी: एका पानावरचा थेंब खालच्या पानावर, तिथून शेजारच्या कुंडीत. म्हणून पावसाळ्यात कुंड्या एकमेकींपासून वीतभर तरी लांब हव्यात आणि एकावर एक टांगलेल्या तर मुळीच नकोत. फॅलेनॉप्सिसला वाढीचं टोक एकच असतं, पानांच्या मधोमध. डाग तिथे पोचला की झाड गेलं. त्या खळग्यात साचलेलं पाणी रोज टिपकागदाच्या टोकाने शोषून घ्यायचं. एका झाडाला दहा सेकंदही लागत नाहीत.

त्याहून वेगवान आहे मऊ सड. रात्री पान नुसतं निस्तेज वाटतं, सकाळी अर्धं पान चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं लोंबतं आणि वास येतो. इथे वाट पाहायची नाही. पान बुडापासून काढा, आणि ती कुंडी इतरांपासून लांब, वाऱ्यावर ठेवा. पाच-सहा दिवस पाणी बंद.

काळी कुज वेगळी. ती बुरशीसारखी वागते, पण खऱ्या बुरशीच्या कुळातली नाही. फायटोफ्थोरा आणि पिथियम हे पाण्यात पोहणारे बीजाणू सोडणारे जीव ती घडवतात. कॅटलिया, वांडा आणि डेंड्रोबियम या ऑर्किडच्याच दुसऱ्या जाती. कॅटलियाच्या नव्या कोंबावर, वांडाच्या मधल्या पानांच्या बुडाशी किंवा डेंड्रोबियमच्या नव्या केनच्या (उसासारख्या पेरांच्या उभ्या खोडाच्या) तळाशी जांभळट-काळा रंग चढतो आणि पान नुसतं ओढलं तरी हातात येतं. बहुतेक घरांत असते ती कार्बेन्डाझिमची पुडी, आणि काळ्या कुजीवर कार्बेन्डाझिम मुळीच चालत नाही. लोक दर चार दिवसांनी फवारतात, झाड कुजतच जातं, आणि मग ‘औषध डुप्लिकेट होतं’ म्हणतात. इथे मेटलॅक्झिल आणि मॅन्कोझेब एकत्र असलेलं औषध लिटरला २ ग्रॅम, किंवा फोसेटिल अ‍ॅल्युमिनियम लिटरला २ ग्रॅम, असं फवारून मुळांतही ओतायचं. आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा.

नव्या पानाचं टोक काळं पडलंय म्हणून कुज समजून कोंब कापून टाकणारेही बरेच. कोवळ्या पानाचं फक्त टोक काळं, पुढे पिवळी पट्टी, काळं हळूहळू सरकतंय आणि बूड मात्र हिरवं घट्ट, हे बहुधा कॅल्शियम कमी पडल्याचं लक्षण. आरओचं पाणी घालणाऱ्यांकडे उन्हाळ्यात हे हमखास दिसतं. कुज बुडापासून वर चढते, कॅल्शियमची कमतरता टोकाकडून खाली येते. एवढी एक खूण ध्यानात ठेवली तर कितीतरी कोंब वाचतील.

कोरडे डाग

उन्हाने भाजलेलं पान ओळखायला सोपं आहे. डाग पानाच्या सगळ्यात उंच, वाकलेल्या भागावर असतो, जिथे ऊन सरळ पडतं. आधी पांढुरका, मग चामड्यासारखा तपकिरी, शेवटी कागदासारखा. शेजारच्या कुंड्यांवरही तो त्याच दिशेला असतो. दुपारी पानाला हात लावून पाहा: हाताला गरम लागलं तर उद्या भाजणार हे नक्की. पावसाळाभर सावलीत राहिलेलं झाड ऑक्टोबरच्या उन्हात एकदम काढलं की हे घडतं. आठ-दहा दिवसांत हळूहळू सरकवावं.

भाजलेल्या जागेवर नंतर करपा बसतो. टोकाकडून किंवा भाजक्या डागापासून सुरू होणारा, करडा-तपकिरी, आत दबलेला डाग. नीट पाहिलं तर त्यात पाण्यावरच्या तरंगांसारखी एकात एक वर्तुळं आणि त्यांवर काळे बारीक ठिपके. या ठिपक्यांत बुरशीची बीजं तयार होतात. मॅन्कोझेब लिटरला २ ग्रॅम, किंवा कार्बेन्डाझिम-मॅन्कोझेबचं मिश्रण तेवढंच, पंधरा दिवसांच्या अंतराने दोन वेळा. तिसऱ्या वेळी औषध बदला, नाहीतर बुरशी त्याला सरावते.

वांडा ठेवणाऱ्यांनी डोळ्यांपेक्षा बोटावर जास्त भरवसा ठेवावा. पानाच्या शिरांना समांतर, शंकरपाळ्याच्या आकाराचे लहान जांभळट डाग दिसले तर पानावरून अंगठा फिरवा. सँडपेपरसारखं खरखरीत लागलं तर ती फायलोस्टिक्टा नावाची बुरशी. थायलंडमधून आलेल्या वांडांवर ही पुष्कळ असते आणि झाडाला मारत नाही, पण दरवर्षी खालची पानं गळत जातात आणि वांडाची मान उघडी पडते. थायोफनेट मिथाइल लिटरला १ ग्रॅम आणि मॅन्कोझेब लिटरला २ ग्रॅम, आळीपाळीने, दर पंधरा दिवसांनी चार फवारण्या. जुने डाग जात नाहीत. नवीन पानं गुळगुळीत निघताहेत का, एवढंच पाहायचं.

काही डाग सोडून द्यायचे असतात. ऑन्सिडियमच्या पानांवर जोराच्या उजेडात बारीक लालसर-काळे ठिपके येतात, काही संकरांचा तो स्वभावच आहे. फॅलेनॉप्सिसचं सगळ्यात खालचं एक पान पिवळं होऊन गळणं हे म्हातारपण. वरच्या बाजूने खड्डे पडलेली फॅलेनॉप्सिसची पानं म्हणजे थंडीच्या पहाटे टाकीतलं गार पाणी पानावर ओतलेलं असतं. आतल्या पेशी त्या धक्क्याने बसतात. पाणी रात्रीच बादलीत भरून घरात ठेवावं, एवढाच त्यावर इलाज.

पानांची फक्त टोकं जळलेली आणि कुंडीतल्या कोळशावर पांढरी साय धरलेली असेल तर क्षार साचलेत. धरणाचं पाणी सहसा मऊ असतं, बोअर-टँकरचं जड. पाण्यात विरघळलेले क्षार पीपीएममध्ये दाखवणारा साधा टीडीएस मीटर घ्या: २०० च्या आत असेल तर उत्तम, ५०० च्या वर गेलं तर पावसाचं किंवा आरओचं पाणी अर्धंअर्धं मिसळा. महिन्यातून एकदा खत न घालता कुंडीच्या चौपट पाणी सावकाश ओतून क्षार धुऊन काढा.

विषाणूवर मात्र बोलावंच लागेल. पानांवर काळ्या-तपकिरी वेड्यावाकड्या रेघा किंवा कडी, नव्या पानांवर फिकट-गडद ठिगळं, फुलाच्या रंगात तुटक पट्टे, आणि फवारणीचा शून्य परिणाम. सिम्बिडियम मोझॅक आणि ओडोन्टोग्लॉसम रिंगस्पॉट हे दोन विषाणू ऑर्किडमध्ये जगभर आहेत आणि त्यांना औषध नाही. ते मुख्यतः आपल्याच कात्रीने पसरतात. शंका आली की झाड वेगळं ठेवा, आणि दोन हंगाम लक्षण पक्कं दिसलं तर कितीही आवडतं असलं तरी ते संग्रहात ठेवू नका.

पानाखालची चांदी

मार्च ते मे विदर्भ-मराठवाड्यात आणि पुण्याच्या कोरड्या उन्हात जे ‘डाग’ येतात, त्यांतले निम्मे डाग नसतातच. पान उलटं करा. पानाचा खालचा भाग राखाडी चांदीसारखा चमकतोय, त्यावर सुईने टोचल्यासारखे असंख्य खड्डे आहेत, आणि जुने खड्डे गंजल्यासारखे तपकिरी झालेत? पांढरा टिश्यू पेपर ओला करून पानाखाली एकदा पुसा आणि उजेडात धरा. लालसर-तपकिरी डाग उमटला की माइट, म्हणजे लाल कोळी. ऑर्किडवर जास्त असतात ते चपटे माइट; ते जाळं करत नाहीत, म्हणून जाळं दिसत नाही म्हणजे कोळी नाही असं समजू नका. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली ते विटकरी ठिपक्यांसारखे सावकाश चालताना दिसतात, आणि पानाच्या मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना त्यांची अंडी लाल खसखशीसारखी ओळीने चिकटलेली.

माइट हा कीटक नाही, त्याला आठ पाय. इमिडाक्लोप्रिडने तो मरत नाही. उलट त्याला खाणारे मित्रकीटक मरतात. सुरुवात पाण्याने करा: पानाखालून जोरात पाणी मारून मऊ फडक्याने पुसायचं, तीन दिवसांनी पुन्हा. थोडेसे असतील तर कडुनिंबाचं तेल लिटरला ४ मिली आणि साबणाचं पातळ द्रावण १ मिली, संध्याकाळी. जास्त असतील तर प्रोपरगाइट लिटरला २ मिली किंवा पाण्यात मिसळणारं गंधक २ ग्रॅम. गंधक मात्र ३२ अंशांच्या वर तापमान असताना मारलं तर पानं भाजतात, आणि कडुनिंबाचं तेल मारल्यावर दोन आठवडे तरी ते वापरायचं नाही. अंडी फवारणीत वाचतात, म्हणून सात दिवसांनी दुसरी फवारणी चुकवायची नाही. बहुतेक जण एकदाच मारून थांबतात आणि तीन आठवड्यांत पहिल्यासारखेच कोळी होतात.

खवले कीड आणि पिठ्या ढेकूण यांना ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि इयरबड पुरे. पानाच्या बगलेत, केनवरच्या सुकलेल्या पापुद्र्याखाली शोधा, तिथेच लपतात.

कापणं आणि औषध

पान कापायचं तर डागापासून दीड-दोन सेंटिमीटर आत, हिरव्या भागात. टॉर्च लावून ओलसर कड जिथे संपते तिथून मोजा. डाग पानाच्या निम्म्याहून खाली उतरला असेल तर अख्खं पान काढा. दाढीचं नवं ब्लेड एका झाडाला एक, आणि ते काम झाल्यावर फेकून द्या. ब्लेड स्वस्त आहे, झाड नाही. कात्रीच वापरायची असेल तर प्रत्येक झाडानंतर ज्योतीवर धरून तापवा. नुसतं सॅनिटायझरने पुसल्याने विषाणू मरेलच असं नाही.

कापलेल्या कडेला स्वयंपाकघरातली दालचिनीची पूड लावता येते. ती जखम झटकन वाळवते. पण तेवढ्याच गुणामुळे ती मुळांवर पडू देऊ नका, मुळंही वाळतील. दालचिनी नको असेल तर मॅन्कोझेब पाण्यात दाट कालवून बोटाने लावा, हातमोजा घालून.

जिवाणूच्या डागावर, कापल्यानंतर, कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला २ ग्रॅम फॅलेनॉप्सिस आणि वांडावर चालतं. डेंड्रोबियमवर तांबं वापरू नका, कोवळी पानं करपून गळतात. फुलांवरही नको. आणि तांब्याचं औषध फोसेटिलमध्ये मिसळायचं नाही. दोन्ही एकत्र आली की पान जाळतात. फवारणी सकाळी आठच्या आत, म्हणजे ऊन चढायच्या आधी पान वाळतं. नाकाला मास्क, हातात मोजे. औषधाचं माप आणि चमचा कायमचे वेगळे, आणि पुड्या मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा उंचीवर.

औषधाहून मोठा इलाज म्हणजे हलतं वारं. पावसाळ्यात गॅलरीत एक छोटा पंखा मंद चालू ठेवला, सगळी झाडं छपराखाली घेतली आणि पाणी सकाळीच दिलं, तर निम्मी फवारणी टळते.

फूल कशाने अडतं

घरातल्या दहा न फुलणाऱ्या ऑर्किडपैकी बहुतेकांना उजेड कमी पडतो. पानं गर्द, काळपट हिरवी, लांब आणि लोंबती दिसली की लोक म्हणतात, काय तजेलदार झाड आहे! ते झाड उपाशी आहे. हवा तो रंग पोपटीकडे झुकणारा हिरवा, आणि पान ताठ. मोबाइलवरच्या लक्स मोजणाऱ्या अ‍ॅपने अंदाज येतो: सकाळी दहाच्या सुमारास फॅलेनॉप्सिसच्या पानाशी १०,००० ते १५,००० लक्स, डेंड्रोबियम-कॅटलियाला २०,००० ते ३५,०००, वांडाला ३०,००० च्या वर. अ‍ॅप नको असेल तर पानावर फूटभर उंचीवर हात धरा. सावलीची कड पुसट असेल तर फॅलेनॉप्सिसला ठीक, बोटं वेगळी दिसत असतील तर डेंड्रोबियमला ठीक, सावलीच पडत नसेल तर तिथे फक्त पानं मिळतील. उघड्या गच्चीवर फॅलेनॉप्सिसला ७५ टक्क्यांची शेडनेट, डेंड्रोबियम-वांडाला ५० टक्क्यांची.

उजेड पुरेसा झाल्यावर फॅलेनॉप्सिसला थंडावा लागतो. तीन ते पाच आठवडे सलग तापमान साधारण २५-२६ अंशांच्या खाली राहिलं की पानाच्या बगलेतून दांडा निघतो. २८ अंशांच्या वरच राहिलं तर झाड नुसती पानं काढत बसतं. पुण्या-नाशकात नोव्हेंबरपासून सावलीच्या गॅलरीत हे आपोआप जमतं, फक्त रात्री गार वाटतं म्हणून झाड घरात घेऊ नका. पहाट १५ अंशांच्या खाली जाऊ लागली की मात्र घ्या. मुंबई, ठाणे, कोकण आणि गोव्यात डिसेंबरातही दुपार तिशीच्या पुढे जाते. तिथे उत्तरेची किंवा पूर्वेची खिडकी, खाली ओल्या खडीचा ट्रे, आणि रात्री एसी चालणारी खोली असेल तर तिथे, पण झोत अंगावर न येईल असं ठेवून पाहावं. खरं सांगायचं तर किनारपट्टीवर नव्याने सुरुवात करणाऱ्याने डेंड्रोबियम आणि वांडाच घ्यावेत. ती हवा त्यांचीच आहे.

बगलेतून निघालेलं टोक दांडा की मूळ, याचा घोळ पहिल्या वर्षी सगळ्यांचाच होतो. मुळाचं टोक गोल, गुळगुळीत, चकचकीत हिरवं किंवा लालसर. दांड्याचं टोक किंचित चपटं, एका बाजूला खाच, लहान बाळाच्या हातमोज्यासारखं. आणि तो निघताच वरच्या दिशेला वळू लागतो. दोन सेंटिमीटर वाढू द्या, मग शंका राहत नाही. दांडा दिसल्यापासून पहिलं फूल उघडायला तीन-चार महिने जातात. या काळात कुंडी फिरवायची नाही. दांडा उजेडाकडे तोंड करून वाढतो. दर आठवड्याला दिशा बदलली तर कळ्या पिळवटतात आणि फुलं चहूकडे तोंडं करून उघडतात. वीतभर झाला की बांबूच्या काडीला सैल बांधा, दुपारी, कारण सकाळी दांडा पाण्याने तट्ट फुगलेला असतो आणि वाकवताना मोडतो.

डेंड्रोबियमला थंडी नको, पण पिकलेली केन हवी. नवी केन वाढत वाढत जाते, शेवटचं टोकाचं पान काढते आणि थांबते. त्यानंतर वरच्या पेरांतून फुलदांडे येतात. पानं गळालेली जुनी केन वाळकी समजून कापणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. तिच्यात साठा असतो, नव्या केनला ती पोसते आणि दोन-तीन वर्षं पुन्हा फुलूही शकते. बोटाने दाबून पोकळ आणि तपकिरी लागली तरच काढा. नोबिल जातीचं डेंड्रोबियम अपवाद: त्याला ऑक्टोबरपासून खत बंद, पाणी अगदी कमी आणि थंड रात्री हव्यात. आपण मायेने पाणी-खत चालू ठेवलं की पेरांवर फुलांऐवजी पिल्लं, म्हणजे छोटी रोपं, येतात.

डेंड्रोबियमला कुंडीही लहानच लागते. हातभर उंचीच्या केनला १०-१२ सेंटिमीटरची कुंडी अंगावर लहान झालेल्या सदऱ्यासारखी दिसते, पण तिच्यातच ती फुलते. मोठ्या कुंडीत मधला कोळसा आणि नारळाची सोडणं वाळत नाहीत, मुळं कुजतात. मुंबईच्या पावसात तर सोडणं जवळजवळ काढूनच टाका. कोळसा आणि विटांचे तुकडे पुरेत.

खताबद्दल एक समज मुळातून काढायला हवा. ‘फुलं येण्याचं खत’ म्हणून विकलं जाणारं, फॉस्फरस ठासून भरलेलं खत फुलं आणत नाही. फुलं आणतात उजेड आणि तापमान. खत फक्त झाडाला तयार ठेवतं. नत्र, फॉस्फरस आणि पोटॅश सारखं असलेलं १९:१९:१९ लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, आधी साध्या पाण्याने मुळं भिजवून, एवढं वर्षभर पुरतं. कोरड्या मुळांवर खत ओतलं की मुळांची हिरवी टोकं काळी पडतात. ऑक्टोबरपासून नत्र थोडं आवरायचं असेल तर एक आठवडा आड १३:००:४५ तेवढ्याच मापाने द्या. पंधरवड्यातून एकदा कॅल्शियम नायट्रेट अर्धा ग्रॅम, महिन्यातून एकदा मॅग्नेशियम सल्फेट अर्धा ग्रॅम, दोन्ही वेगवेगळ्या दिवशी. कॅल्शियम नायट्रेट १९:१९:१९ च्या घट्ट द्रावणात घातलं तर पाणी दुधाळ होतं. तो पांढरा गाळ म्हणजे झाडाला न मिळणारं कॅल्शियम आणि फॉस्फरस. वांडाच्या उघड्या मुळांना खत जास्त वेळा लागतं, पण मात्रा हीच.

पाणी मुळांकडे पाहून द्यायचं. फॅलेनॉप्सिसची मुळं चांदीसारखी झाली की पाणी, हिरवी असतील तर नाही. वांडाला उन्हाळ्यात दिवसातून दोनदा, मुळं पूर्ण हिरवी होईपर्यंत.

कळ्या गळतात तेव्हा

दांडा आला, कळ्या वाटाण्याएवढ्या झाल्या, आणि मग एकेक कळी पिवळी पडून गळायला लागली, हे बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये घडतं. कारण बरेचदा घरातच असतं. एसीचा किंवा पंख्याचा सरळ झोत. पाणी तुटणं. कळ्यांवर फुलकिडे: कळीवर टिचकी मारून खाली पांढरा कागद धरला तर पिवळसर-काळ्या बारीक रेघा धावताना दिसतात. आणि एथिलीन वायू. पिकणारी फळं तो सोडतात, म्हणून केळीच्या फण्याशेजारी किंवा आंब्याची अढी लावलेल्या खोलीत फुलावर आलेलं ऑर्किड ठेवू नका. उघडलेली फुलंही दोन-तीन दिवसांत मान टाकतात. धुरातही हा वायू असतो, म्हणून देव्हाऱ्यातल्या धूप-उदबत्तीच्या अगदी जवळची जागाही टाळावी.

शेवटचं फूल गळल्यावर दांड्याचं काय करायचं ते पानं मोजून ठरवा. चार किंवा जास्त ताठ, स्वच्छ पानं असतील आणि दांडा हिरवा असेल तर बुडाकडून मोजत तिसऱ्या पेराच्या बोटभर वर कापा. दोन-तीन महिन्यांत त्या पेरातून फाटा फुटू शकतो. पानं तीन किंवा कमी असतील, सुरकुतली असतील किंवा त्यांवर रेघ ओलांडणारा डाग असेल, तर दांडा हिरवा असला तरी बुडाशी एक बोट ठेवून उडवा. पाऊस तोंडावर आलेला असतो. त्याआधी त्या झाडाला एक नवं पान काढून घेऊ द्या.